पाचव्या शीलापाशी तू थांबायचास

मिल्या,

तू गेल्यापासून आपल्या वलवणच्या घरात सगळे तुझ्याबद्दल दबक्या आवाजात बोलतात आणि मला ते अजिबात खपत नाही. तू काही चोरी करून गेला नाहीस. सकाळी एका बंगल्यावरच्या स्विमिंग पूलमधला पालापाचोळा काढलास, छातीत कळ आली म्हणून कडेच्या खुर्चीत बसलास आणि बसल्या जागी गेलास. आपले अण्णाही असेच गेले होते, साधारण याच वयात. डॉक्टरांनी हृदयविकाराचा झटका असं लिहून दिलं. पण तुझ्या शर्टाच्या खिशात गोळ्यांची पट्टी निघाली ना, मग काय विचारता! बंगल्याच्या वॉचमननं ती पाहिली, त्यानं चहाच्या टपरीवर सांगितलं, आणि आम्ही तुला अग्नी देऊन घरी येईपर्यंत अख्ख्या गावाला तुझ्या मरणाचं कारण डॉक्टरांपेक्षा जास्त कळलेलं होतं. जुना गर्दुल्लाच तो, गोळ्यांनीच गेला म्हणे.

तू असतास तर हसला असतास. लोकांच्या तोंडाला हात लावायला जायचं नाही असं तू मला कितीदा तरी सांगितलंस. मीही सोडून दिलं असतं, पण दुसऱ्याच दिवशी संतोषचा फोन आला.

संतोष, तू ज्याला गेल्या वर्षी दवाखान्यात नेलंस तो, कामशेतच्या पलीकडचा टेम्पोवाला. शेवंताबाईंचा एकुलता एक. मला वाटलं, भेटायला कधी येऊ असं विचारायला केला असेल. तर तो रडतच होता. "आक्का, आईनं माझ्या गोळ्या काढून घेतल्या. म्हणती, मिलिंद गेला तसा तू बी जाशील. कालपासून घेतली न्हाई. पाय ठणकायला लागल्यात."

तुझ्यासाठी रडत बसले होते ते तिथंच थांबलं. संतोषच्या आईला फोन लावला. एरवी मी कुणाला ऐकत नाही हे तुला माहीत आहे, पण त्या माउलीनं मला एका वाक्यात गप्प केलं. म्हणाली, "तुमचा माणूस गेला वो ताई, माझा तरी ऱ्हाऊ द्या." आणि फोन ठेवून दिला. तिचं चुकत होतं, आणि ती मायेपोटीच चुकत होती. तुझ्या मरणाची खोटी बातमी घेऊन तो पोरगा परत गर्दच्या पुडीकडे जाणार, हे मला डोळ्यांसमोर दिसायला लागलं.

कारण हे सगळं मी एकदा पाहिलेलं आहे. तुझ्यावर.

तुझं ते पहिलं सांगणं मला अजून आठवतं. सीझनला बंगल्यावर पार्टी करायला आलेल्या पोरांनी तुला दिलं. मी विचारलं, काय वाटलं रे एवढं? तू म्हणालास, अंगावरचं ओझं कुणीतरी उतरवून बाजूला ठेवल्यासारखं वाटलं. मला तुझा रागच आला, कारण कसलं ओझं होतं तुझ्यावर, तुझं तर लग्नही झालेलं नव्हतं. पण पुढे तूच सांगितलंस की मजा पहिल्या काही महिन्यांत संपली. नंतर घ्यायचं ते फक्त त्रास होऊ नये म्हणून. तुमच्यात त्याला टर्की म्हणतात. नाक गळतं, जांभयांवर जांभया येतात, अंगावर काटा उभा राहतो, पायांत कुणी हातोडी मारतंय असं होतं, आणि झोप नाही म्हणजे नाही. माणूस नशेसाठी पुडी शोधतो असं आपल्याला वाटतं. तो बिचारा साधं उठून बसता यावं म्हणून शोधत असतो.

आपल्या लोकांनी काय कमी केलं? चुलत्यांनी तुला खोलीत कोंडलं. कुणी अंगाऱ्याच्या पुड्या आणल्या. आईनं स्वतःच्या गळ्याची शपथ घातली, ती तू मनापासून घेतलीस आणि आठवड्यात मोडलीस. एका केंद्रात नेऊन ठेवलं, तिथं तुला बांधून ठेवायचे हे तू परत आल्यावर पाठीवरचे वळ पाहून कळलं. येणारा जाणारा म्हणायचा, मनाचा निग्रह पाहिजे. निग्रहाचे सल्ले देणारी ही मंडळी सकाळचा चहा पाच मिनिटं उशिरा मिळाला तर घर डोक्यावर घेतात, पण ते असो.

शेवटी तू आमच्याकडे देहूरोडला आलास. येऊन दारात उभा राहिलास आणि तुझ्या दाजींना म्हणालास, मला हितं ऱ्हाऊ द्या, मला मरायचं न्हाई. दाजी डेपोतला माणूस, जास्त बोलणारा नाही. त्यांनी तुझी पिशवी आत नेऊन ठेवली. दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि आपण शहरातल्या सरकारी दवाखान्यात गेलो.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तुला एकदाही 'निग्रह' हा शब्द ऐकवला नाही. हा आजार आहे, मेंदूला त्या पदार्थाची सवय जडलीय, आणि ती भूक शांत ठेवणारं औषध आहे, इतकंच साधं सांगितलं. रोज यायचं, नर्सच्या समोर गोळीची पूड जिभेखाली ठेवायची, ती पूर्ण विरघळेपर्यंत गिळायचं नाही आणि बोलायचं नाही. तेवढा वेळ तू बाकावर तोंड मिटून बसायचास आणि मी तुला मनसोक्त बोलून घ्यायचे. लहानपणापासूनचा हिशेब मी त्या बाकावर चुकता केला. तू फक्त डोळे वटारायचास. जन्मात तू माझं मुकाट्यानं ऐकलंस ते तेवढंच, आणि त्या दिवसांसाठी मी त्या दवाखान्याची आयुष्यभर ऋणी आहे.

पुढे तुला गोळ्यांची पट्टी घरी न्यायला मिळू लागली. तुझ्या अंगावर मांस चढलं. आमच्याकडूनच तू लोकलनं कामावर जायला लागलास. पंप दुरुस्त करायचास, पाण्यात क्लोरीन टाकायचास, आठवड्याच्या सुट्टीला येणाऱ्या पाहुण्यांसाठी निळंशार पाणी तयार ठेवायचास. ज्या बंगल्यांनी तुला बुडवलं त्याच बंगल्यांवर तू काठावर उभा राहून काम करत होतास. मला भीती वाटायची. तू म्हणायचास, आक्का, गोळी घेतल्यावर त्याची आठवण येते, ओढ येत न्हाई.

पण एक गोष्ट तू काही केल्या मान्य करत नव्हतास.

विहारात पौर्णिमेच्या वंदनेला आपण सगळे त्रिशरण म्हणायचो, मग पंचशील. चार शीलं तू सगळ्यांबरोबर म्हणायचास. पाचवं आलं, मादक पदार्थांपासून दूर राहण्याचं, की तू थांबायचास. गर्दच्या दिवसांतही तू असाच थांबायचास. इतरांचं काय सांगावं, खणखणीत आवाजात पाचवं शील म्हणणाऱ्यांतले दोन-चार जण त्याच संध्याकाळी बाटली उघडून बसलेले मी पाहिलेत. खोटं बोलायचं नाही हे चौथं शील, आणि तुला पाचव्यापायी चौथं मोडायचं नव्हतं. अख्ख्या विहारात खरं बोलणारा तू एकटाच, आणि बदनामही तू एकटाच.

आता बरा झालास, आता म्हण, असं मी म्हटलं की तू म्हणायचास, "गोळी घेऊन म्हणू व्हय? ती सुटू दे, मग म्हणतो." मी डोकं आपटलं. आपल्याला पंचशील शिकवणाऱ्या किसनआबांनाही सांगून पाहायला लावलं. आबा म्हणाले, "आरं, बेभान करतं ते सोडायचं. भानावर ठिवतं ते न्हाई." तू आबांच्या पाया पडलास आणि पुढच्या पौर्णिमेला पुन्हा थांबलास.

मग वैशालीचं ठरलं. वडगावला कोर्टाबाहेर टायपिंग करणारी ही मुलगी. तिला तू पहिल्याच भेटीत गर्द आणि गोळी दोन्ही सांगून टाकलंस. तिनं विचार करायला वेळ मागून घेतला आणि मग हो म्हणाली. आम्ही सगळे खूश. आणि तू काय केलंस? आपल्या लग्नात नवरा-नवरीनं पंचशील घ्यायचं असतं. तुला त्यातलं पाचवंही घ्यायचं होतं, वैशालीच्या शेजारी उभं राहून, खऱ्या तोंडानं. म्हणून डॉक्टरीणबाईंना न विचारता, मला न सांगता तू गोळ्या बंद केल्यास. सगळे व्यसनी लपूनछपून नशा करतात. माझ्या भावानं लपूनछपून औषध सोडलं, तेही शील पाळायला! कपाळाला हात लावायचा की तुला जवळ घ्यायचं, मला आजही ठरवता येत नाही.

पुढचं मी थोडक्यात लिहिते, मला लांबवायला जमणार नाही. टर्की आली, तू पुडी आणलीस, आणि पूर्वी घ्यायचास तेवढीच घेतलीस. शरीराची जुनी सवय मोडलेली असते, त्यामुळे आधी पचायचं तेवढंच मग जीव घेतं, हे मला दवाखान्यात कळलं. बरीच माणसं याच वळणावर जातात म्हणे. तू वाचलास, कारण दाजी त्या दिवशी जेवणाचा डबा विसरले म्हणून परत घरी आले होते.

लग्न मोडलं असंच आम्ही धरून चाललो. वैशाली आली ती सरळ दवाखान्यात, डॉक्टरीणबाईंसमोर. विचारलं, ही गोळी औषध आहे की नशा? बाईंनी तिला समजावलं की साखर असलेला माणूस रोज गोळी घेतो तसंच हे. किती वर्षं लागेल ते आपण घाई न करता ठरवू, कमी करायची झाली तर हळूहळू करू, आणि नाही सुटली तरी बिघडत नाही, माणूस तर उभा आहे. वैशालीनं मान डोलावली आणि तुझ्या खाटेपाशी येऊन म्हणाली, "लग्न पुढं ढकललंय. मोडलेलं नाही. गोळी मात्र चुकवायची नाही."

आणि लग्नाच्या दिवशी काय झालं ते ज्यांनी पाहिलं त्यांना पाहूनही कळलं नाही. बौद्धाचार्य सांगत होते, तुम्ही दोघं त्यांच्यामागून म्हणत होता. चार शीलं झाली. पाचव्याला तू थांबलास. आणि जिनं चहाशिवाय कशाला तोंड लावलं नव्हतं ती वैशालीही थांबली. तुझ्याकडे पाहिलंही नाही, सरळ समोर पाहत, तोंड मिटून उभी राहिली. पाहुण्यांना वाटलं नवरीला रडू आलं. मी तिच्या मागेच उभी होते. मिल्या, त्या घडीला माझी तुझ्याबद्दलची अर्धी काळजी मिटली.

आपलं भांडण मात्र मिटलं नाही. या बुद्धपौर्णिमेलाही मी तुला विहाराबाहेर गाठलं. म्हटलं, तेरा-चौदा वर्षं झाली, संसार झाला, लेक सहावीत गेली, आता तरी म्हण. तू चप्पल शोधत होतास. म्हणालास, "म्हणीन की कवातरी. घाई काय हाय?" एवढंच बोलून निघालास. मला अजून खूप काही सुनवायचं होतं. आता कुणाला सुनवू?

जो माणूस स्वतःच्या बाबतीत इतका हट्टी, तो दुसऱ्यांच्या बाबतीत किती सैल होता! तू कुणालाही सोड म्हणाला नाहीस. ज्याच्याकडे जायचास त्याला कामात हात लावायला लावायचास, पाइप धर, बादली दे. मग चहा. मग म्हणायचास, उद्या माझ्यासंगं चल. नाही आला तर पुन्हा जायचास, तोंड न पाडता. संतोषनं तुला कितीदा तरी टांग मारली होती. मी म्हटलं, नाद सोड त्याचा. तू म्हणालास, माझा कुणी सोडला न्हाई म्हणून तर मी हाय.

तोच संतोष तुझ्या जलदानाच्या विधीला, आदरांजलीला आला. भर उन्हात स्वेटर घालून, नाक पुसत, आईच्या मागे. मी एका नजरेत ओळखलं. अजून त्यानं काही घेतलं नव्हतं, पण एखाद-दुसरा दिवस, फार तर. त्याची आई बायकांत मागं बसली, डोक्यावरचा पदर नीट करत. त्यांच्याकडच्या रीतीनं ती दुखवट्याला आली होती, माझ्याशी बोलायला नाही.

चुलत्यांनी आधीच बजावून ठेवलं होतं की आदरांजलीत चांगलं तेवढंच बोलायचं, त्या विषयाला हात घालायचा नाही, पोरीचं पुढं लग्न व्हायचंय. वंदना झाली, पंचशील झालं. पाचव्या शीलाला तुझ्या वाटणीचंही आपण म्हणून टाकावं असं क्षणभर वाटलं. मग म्हटलं, नको, ते तुझं तू बघ. मी माझ्यापुरतं म्हटलं. त्यानंतर लोक उठून बोलू लागले. मनमिळाऊ होता, कष्टाळू होता. अरे, तू मनमिळाऊ कुठला, माझ्याशी जन्मभर भांडलास! मी उठणारच होते, तेवढ्यात वैशाली उठली. कुणी तिला माइक देईना, तिनं तो स्वतः घेतला.

"त्यांच्या खिशात गोळ्या सापडल्या म्हणून सगळे कुजबुजतात," ती म्हणाली. "गोळ्या होत्याच. रोज असायच्या, मीच खिशात ठेवायचे. त्या गोळीच्या जिवावर आमचा संसार झाला. एकदा त्यांनी ती बंद केली होती, तेव्हा मरता मरता वाचले. गोळीनं ते गेले नाहीत. ते हृदयविकारानं गेले, त्यांच्या वडलांसारखे. इथं कुणी ती गोळी घेत असेल, कुणाचं माणूस घेत असेल, तर माझ्या नवऱ्याचं नाव सांगून ती बंद करू नका. मला दुसरं काही नको."

एवढं बोलून तिनं माइक परत दिला. चुलते जमिनीकडे पाहत राहिले. मी शेवंताबाईंकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर काही म्हणजे काही दिसलं नाही. पानं वाढली तेव्हा त्या उठल्या आणि न जेवता संतोषला घेऊन निघून गेल्या. मला वाटलं, संपलं. तुला जाळून आल्यावर रडले नव्हते तेवढी मी त्या दिवशी मोरीत जाऊन रडले. तू तर गेलासच, पण तू ज्याच्यासाठी एवढे खेटे घातलेस तोही चालला, असं झालं.

तुझ्या उरलेल्या गोळ्या घरात ठेवायच्या नाहीत, दवाखान्यात परत द्यायच्या, हे वैशालीनंच सांगितलं. पुढच्या आठवड्यात मी त्या घेऊन गेले. नर्सनं मला ओळखलं, तुझं कळल्यावर उभीच राहिली बिचारी. गोळ्या मोजून घेतल्या. मी वळले तर बाकावर संतोष. तोंड मिटून बसलेला, अंगात स्वेटर नाही. आणि त्याच्या शेजारी शेवंताबाई, मांडीवर फडक्यात बांधलेली भाकरी घेऊन, लेक गोळी नीट विरघळवतोय की नाही याच्यावर डोळ्यांत तेल घालून पहारा करत.

मी जवळ जाऊन बसले. त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "ह्याचं लगीन करायचंय औंदा. पोरगी बघून ठिवली हाय. पोरीकडच्यांस्नी ह्या गोळीचं सांगायचं का न्हाई?"

"सांगायचं," मी म्हटलं. "आधीच सांगायचं."

"मला न्हाई तसं सांगता येत." त्यांनी फडक्याची गाठ सोडली, पुन्हा बांधली. "तुमच्या भावजयीला बोलता येतं. बोलणी करायला तिला संगं घिऊन येता का?"

मिल्या, मावळातल्या शेतकऱ्याच्या घरची बाई ही. तिच्या दारात शुभकार्य निघालेलं, आणि बोलणीला ती कुणाला बोलावत होती? आपल्या बौद्धांच्या घरातल्या, नवरा जाऊन महिना न झालेल्या बाईला. मला वाटलं वैशालीला विचारायला हवं, चुलत्यांना विचारायला हवं, आधी तुला विचारायला हवं. कुणालाच विचारलं नाही. येतो म्हणून सांगून टाकलं, आम्ही दोघी.